टीव्ही भिंतीवर, वायरी भिंतीत: झिरी मारण्याआधीचा हिशोब

१८ डिसेंबर २०२२ च्या रात्री आमच्या हॉलमध्ये वीसेक माणसं दाटीवाटीनं बसली होती. अर्जेंटिना विरुद्ध फ्रान्स, वर्ल्डकपची फायनल. कोल्हापुरात फुटबॉलचं वेड काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. गल्लीच्या तोंडाशी निळे-पांढरे झेंडे महिनाभर फडकत होते. टीव्ही नवा, सेट टॉप बॉक्स नवा. फक्त भिंतीच्या आतली एचडीएमआय केबल, म्हणजे बॉक्समधून टीव्हीत चित्र आणि आवाज नेणारी, सहा वर्षांपूर्वीची. दर चार-पाच मिनिटांनी पडदा काळा व्हायचा, दोन सेकंदांनी चित्र परत यायचं, आणि नेमकं त्या दोन सेकंदांत काहीतरी घडून गेलेलं असायचं. शेवटी दिरांनी शेजारच्यांची केबल मागून आणली आणि टीव्हीखालच्या युनिटपासून टीव्हीपर्यंत सरळ लोंबकळत लावली. मॅच पार पडली.

दुसऱ्या दिवशी जुनी केबल ओढून काढायला गेले तर ती जागची हलेना. पाऊण इंची पाइप, वाटेत दोन काटकोनी एल्बो, आणि पाइप बसवतानाच आत ओवलेली केबल. तिचं डोकं त्या पाइपातून कधीच बाहेर येणार नव्हतं. लाजेची गोष्ट अशी की मी इंटिरियरची कामं घेते आणि हे काम माझ्याच देखरेखीखाली झालेलं. वायरमननं तेव्हा विचारलंही होतं, "मॅडम, पुढं बदलायची झाली तर?" मी म्हटलं होतं, "केबल कशाला कोण बदलतंय?"

तेव्हापासून मी भिंतीत केबल पुरत नाही. झिरी, म्हणजे भिंतीत खाच, मारून तिच्यात रुंद, सरळ आणि रिकामा पाइप पुरते. केबल त्यातून नंतर ओवायची. खालचा सगळा खटाटोप त्या एका पाइपासाठी आहे.

आधी टीव्हीचं मॉडेल, मग पेन्सिल

"टीव्ही नंतर घेऊ, आत्ता पॉइंट तेवढा काढून ठेवा," असं जवळपास प्रत्येक घरी ऐकायला मिळतं. असा अंदाजानं काढलेला पॉइंट नंतर हमखास ब्रॅकेटच्या पत्र्यामागे जातो, नाहीतर टीव्हीच्या कडेबाहेर डोकावतो. टीव्ही विकत घ्यायची घाई नाही, पण इंच आणि मॉडेल ठरवा. दुकानात जाऊन त्या मॉडेलच्या पाठीचा मोबाइलवर फोटो काढा. तीन गोष्टी बघायच्या: एचडीएमआयची तोंडं कोणत्या बाजूला आहेत, ती कडेला उघडतात की सरळ भिंतीकडे, आणि विजेची वायर कोणत्या बाजूनं निघते. तोंडं भिंतीकडे असतील तर केबलला मागे वळायला जागा लागते. अशा वेळी काटकोनी जोड घ्यावा लागतो किंवा भिंतीपासून जरा लांब धरणारा ब्रॅकेट.

मापांचा अंदाज असा: ४३ इंची टीव्ही साधारण ९६ सेंटिमीटर रुंद आणि ५६ उंच, ५५ इंची १२३ बाय ७१, ६५ इंची १४५ बाय ८३. मॉडेलप्रमाणे एखादा-दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे. ब्रॅकेटच्या भोकांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, २०० बाय २००, ३०० बाय ३००, ४०० बाय २०० वगैरे. तेही लिहून घ्या, कारण तेवढ्या चौकोनात पाइपाचा किंवा सॉकेटचा भिंतीतला बॉक्स येता कामा नये.

उंचीवरून घराघरात वाद होतात. सोफ्यावर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून शंभर-एकशेपाच सेंटिमीटरवर असतात. पण आपल्याकडे अर्धी माणसं खाली बसतात. शेंगा सोलताना, पोरांचा अभ्यास घेताना, रात्री जेवताना. खाली बसल्यावर डोळे पाऊण मीटरवर येतात. म्हणून टीव्हीचा मध्य मी १०० ते १०५ सेंटिमीटरच्या वर नेत नाही. हॉटेलात आणि सलूनमध्ये टीव्ही उंच लावलेला बघून लोक घरातही तसाच मागतात. आमच्या सासूबाईंनी अशा एका घरी बसून आल्यावर एवढंच विचारलं, "अगं, मान वर करून हात जोडायला ते काय देवघर आहे का?"

खरी परीक्षा कागदाची. वर्तमानपत्राची पानं चिकटवून टीव्हीच्या मापाचा चौकोन करा, भिंतीवर चिकटपट्टीनं लावा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. येता-जाता बघा, सोफ्यावरून बघा, स्वयंपाकघराच्या दारातून बघा. दुपारी खिडकीचा उजेड त्या जागी पडतो का तेही कळतं. सगळ्यांचं एकमत झालं की कडेनं पेन्सिल फिरवायची.

आता ५५ इंची टीव्ही, मध्य १०५ वर, असं धरून गणित मांडू. टीव्हीची खालची कड साडेएकोणसत्तरवर येते. खालचं युनिट ४५ सेंटिमीटर उंच असेल तर मध्ये चोवीस-पंचवीस सेंटिमीटर उरतात. साउंडबार आरामात बसतो. ब्रॅकेट मध्यापासून दोन्हीकडे वीस सेंटिमीटर जागा घेईल. म्हणून पाइपाचं वरचं तोंड मध्यापासून पस्तीस सेंटिमीटर बाजूला, ज्या बाजूला एचडीएमआयची तोंडं आहेत त्या बाजूला, जमिनीपासून ११० वर. विजेचा सॉकेट दुसऱ्या बाजूला, तेवढाच लांब, ११५-१२० वर. बहुतेक टीव्ही खालच्या अर्ध्या भागात जाड आणि वर पातळ असतात, त्यामुळे प्लगला मागे जागा वरच्या अंगाला मिळते. चपट्या ब्रॅकेटवर टीव्ही आणि भिंत यांत दोन-तीन सेंटिमीटरच अंतर राहतं आणि साधा प्लग त्याहून जास्त बाहेर येतो. सॉकेटचा बॉक्स भिंतीत जरा खोल बसवून घेतला की हा प्रश्न मिटतो. नाहीतर टीव्ही बसवणारा गडी शेवटी प्लगवर टीव्ही दाबून बसवतो, आणि ते धोक्याचं.

भिंत कशाची आहे

कोल्हापुरात एकाच गल्लीत चार तऱ्हेच्या भिंती सापडतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे नको त्या कोपऱ्यात ड्रिलनं छोटं भोक पाडून भुकटी बघायची. लाल आली तर वीट. पांढरट आणि हलकी, ड्रिल लोण्यात गेल्यासारखं गेलं, तर आपण सिपोरेक्स म्हणतो ते ब्लॉक. करडी भुकटी आणि ड्रिल किंचाळायला लागलं तर काँक्रीटचा कॉलम किंवा बीम, आणि तिथेच थांबायचं. कॉलम, बीम आणि स्लॅबमध्ये टीव्हीच्या हौसेसाठी झिरी मारू नका. आतल्या सळया इमारत धरून असतात.

विटेच्या भिंतीत झिरी किती खोल चालते याचा बांधकामातला सर्वसाधारण नियम असा आहे: उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटरच्या भिंतीत उभी झिरी ७६ मिलिमीटरपर्यंत चालते, आडवी जेमतेम ३८. चार इंची पार्टिशनमध्ये उभी झिरीसुद्धा ३३ ते ३८ वर संपते. आडवी मोठी झिरी का नको, हे यावरून समजतं. सेट टॉप बॉक्स हॉलच्या एका कोपऱ्यात, टीव्ही दुसऱ्या कोपऱ्यात, आणि मधून दहा फूट आडवा पाइप, ही मागणी आली की मी युनिट टीव्हीखाली हलवायला सांगते. पाइप सरळ उभा, टीव्हीच्या मागून युनिटच्या मागे. तेवढाच.

चार इंची भिंतीत ४० मिलिमीटरचा पाइप या मर्यादेत मावत नाही. वीट कच्ची असेल तर मागच्या खोलीच्या गिलाव्याला तडा जातो. अशा भिंतीवर मी झिरी मारतच नाही. पुढे लाकडी पट्ट्यांची चौकट करून त्यावर प्लाय किंवा लूव्हर (उभ्या पट्ट्यांचं) पॅनेल बसवते आणि केबलची वाट त्या पोकळीतून काढते. दोन गोष्टी विसरायच्या नाहीत: विजेच्या वायरला पॅनेलमागेही पाइप हवाच, आणि ब्रॅकेटचे बोल्ट पॅनेलमधून आरपार जाऊन विटेत घट्ट बसले पाहिजेत. नुसत्या एमडीएफवर (दाबलेल्या लाकडी भुश्शाच्या फळीवर) पंधरा-सोळा किलोचा टीव्ही टांगलेला मी एका घरी पाहिला आहे. खाली पाळणा होता.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ या भागांतल्या जुन्या घरांत काळ्या दगडाच्या, मातीत बांधलेल्या दीड-दोन फुटी भिंती असतात. बाहेरून किल्ला, पण आत लहान दगडांची भर. छिन्नी लावली की एका दगडाबरोबर चार निघतात. तिथेही पॅनेलच. गगनबावडा-राधानगरीकडे जांभ्याची घरं आहेत. जांभा कापायला सोपा, पण पाणी धरतो. आणि पश्चिमेकडच्या बाहेरच्या भिंतीवर, मग ती कसलीही असो, शक्यतो टीव्ही नको. जूनपासून पावसाची झड त्याच अंगानं येते, ऑगस्टपर्यंत आतून ओल दिसायला लागते. सॉकेटचा बॉक्स ओल्या भिंतीत ठेवण्यापेक्षा सोफा फिरवणं स्वस्त.

पाइप किती मोठा

केबलचं डोकं पट्टीनं मोजा. एचडीएमआयचा धातूचा भाग १४ मिलिमीटर रुंद असतो, पण त्यावरचं प्लॅस्टिकचं बूड धरून डोकं वीस-बावीस मिलिमीटर रुंद आणि दहा-अकरा जाड भरतं. २५ मिलिमीटरच्या पाइपाचं आतलं माप एकवीस-बावीस. म्हणजे सरळ पाइपातूनही ते घासत जाईल, बेंडमध्ये अडकेल आणि दुसरी केबल तर विसराच. म्हणून ४० मिलिमीटर हे किमान. नऊ इंची भिंतीत जागा असेल तर ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या. पहिल्यांदा मी असा पाइप आणायला सांगितला तेव्हा वायरमन म्हणाला होता, "मॅडम, टीव्ही लावताय का बोअरची लाइन टाकताय?" आता तोच दुसऱ्यांना सांगतो.

एल्बो वापरायचा नाही. पाइप उभा सरळ, वरचं तोंड टीव्हीमागे भिंतीत बसवलेल्या बॉक्समध्ये, खालचं युनिटमागच्या तशाच बॉक्समध्ये. वळण टाळताच येत नसेल तर लांब, हळू वळणारा बेंड घ्या, किंवा ४५ अंशांचे दोन जोड थोडं अंतर ठेवून. गिलावा करण्याआधी, पाइप झिरीत नुसता ठेवलेला असताना, एचडीएमआयचं डोकं दोरीला बांधून वरून खाली आणि खालून वर ओढून बघा. अडकलं तर आत्ताच अडकू दे.

पाइपात एक नायलॉनची दोरी कायमची ठेवायची. सुती दोरी ओलीनं कुजते. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार ठेवायची पद्धत आहे, पण तिची टोकं केबलचं कातडं सोलतात. आणि सवय लावून घ्या: केबल ओढताना तिच्याबरोबर दुसरी दोरीही ओढायची, म्हणजे पाइपात नेहमी एक दोरी शिल्लक. ही दोरी नसली की मग वायरमन स्प्रिंग घेऊन येतो आणि अर्धा दिवस जातो.

विजेचं काम वेगळ्या पाइपात

टीव्हीबरोबर आलेली मऊ वायर भिंतीतल्या पाइपात घालून खाली युनिटमध्ये काढायची आणि तिथल्या एक्स्टेन्शन बोर्डात खुपसायची, हा जुगाड सर्रास चालतो. करू नका. ती वायर भिंतीत पुरण्यासाठी बनवलेली नसते. टीव्हीच्या मागे रीतसर ६ अँपिअरचा सॉकेट घ्या, १.५ चौरस मिलिमीटरच्या आयएसआय मार्क असलेल्या तांब्याच्या तीन वायरी: फेज, न्यूट्रल, अर्थिंग. टीव्हीची पिन दोनच काट्यांची असली तरी अर्थिंगची वायर ओढून ठेवायची. उद्या तिथे काय लागेल सांगता येत नाही. हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच.

विजेचा पाइप आणि केबलचा पाइप वेगळे ठेवा. समांतर जात असतील तर फूटभर अंतर, एकमेकांना छेदत असतील तर काटकोनात. आपल्या गणितात ते दोन टोकांना आहेत, त्यामुळे अंतर आपोआप मिळतं.

आता वळिवाची गोष्ट. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग भरून येतात आणि कडकडाट सुरू होतो. आपल्या आया काय करायच्या? टीव्हीची पिन काढायच्या. सॉकेट टीव्हीमागे गेल्यावर ती पिन कोण काढणार? म्हणून टीव्हीच्या सॉकेटला खाली हाताशी डीपी स्विच द्यायचा, गीझरला असतो तसा. साधा स्विच फक्त फेज तोडतो, डीपी स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. डिशची केबलही बॉक्समधून हातानं सुटेल अशी ठेवा, कारण गच्चीवरून येणारा झटका त्या वाटेनंही आत येतो. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्शनचं, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका अडवणारं, उपकरण बसवता आलं तर उत्तम. वीज अगदी जवळ पडली तर मात्र यातलं कशाचंच काही चालत नाही.

इन्व्हर्टर असेल तर टीव्ही, बॉक्स आणि वायफायचा राउटर तिघांनाही त्याच लाइनवर घ्या. ५५ इंची टीव्ही सव्वाशे वॉटच्या आसपास खातो, इन्व्हर्टरला जड नाही. राउटर विसरला जातो आणि मग लाइट गेल्यावर टीव्ही चालू, नेट बंद.

ज्यांची घरं पंचगंगेच्या पट्ट्यात आहेत त्यांच्यासाठी वेगळं सांगते. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये दोन्ही वेळा पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली इथल्या तळमजल्यावर पाण्याची रेघ अजून कुठेकुठे भिंतीवर दिसते. अशा घरात विजेचा पुरवठा वरून, छताकडून खाली आणा, जमिनीलगत फिरवू नका. सॉकेट आणि डीपी स्विच त्या रेघेच्या वर जमत असतील तर वरच, आणि तळमजल्याची लाइन मेन बोर्डातल्या वेगळ्या एमसीबीवर (जास्त करंट झाला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर), म्हणजे पाणी यायच्या आधी तेवढीच बंद करता येते. टीव्हीचा ब्रॅकेटही असा घ्या की तो दोन माणसांना पाच मिनिटांत उचलून माडीवर नेता येईल.

पाइपातून काय काय जाणार

किमान दोन एचडीएमआय. एक बॉक्सची, दुसरी साउंडबारची. साउंडबारची केबल टीव्हीच्या एआरसी किंवा ईएआरसी लिहिलेल्या, म्हणजे टीव्हीतून आवाज बाहेर देणाऱ्या, तोंडातच लावायची, दुसऱ्या कुठल्या तोंडात आवाज येणार नाही. पोरांकडे गेमिंगचा बॉक्स असेल तर तिसरी.

केबल घेताना पाकिटावर बघा. ४के चित्र सेकंदाला साठ फ्रेमनं हवं असेल तर १८ जीबीपीएसची (सेकंदाला १८ गिगाबिट माहिती नेणारी) प्रीमियम हाय स्पीड केबल पुरते. १२० फ्रेमच्या खेळांसाठी ४८ जीबीपीएसची अल्ट्रा हाय स्पीड लागते. तिच्या पाकिटावर क्यूआर कोडचं लेबल असतं, ते स्कॅन करून खरी-खोटी बघता येते. माझी फायनलच्या रात्रीची केबल जुन्या जमान्यातली, १०.२ जीबीपीएसची. ४के तिला झेपतं ते तीस फ्रेमपर्यंत, साठवर ती धापा टाकते. साध्या तांब्याच्या केबलनं पाच मीटरच्या पुढे जाऊ नका. त्याहून लांब लागली तर ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, पण तिला दिशा असते. एका टोकावर टीव्हीचं आणि दुसऱ्यावर बॉक्सचं नाव असतं. उलटी ओढली तर पडदा काळाच, आणि दोष कुठे आहे ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

लांबी अशी काढा: पाइपाचं खालचं तोंड ३० वर, वरचं ११० वर, म्हणजे आत ८० सेंटिमीटर. टीव्हीमागे वळायला ४०, युनिटमध्ये बॉक्सपर्यंत ५०, टीव्ही काढता-घालताना हाताला सैल हवी म्हणून ३०. झाले दोन मीटर. दीड मीटरची केबल स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. बाहेर ओढून फिरवता येणारा ब्रॅकेट असेल तर सरळ तीन मीटर.

एक कॅट-६ची लॅन केबलही, म्हणजे राउटरपासून येणारी इंटरनेटची वायर, टाकून ठेवा. पुष्कळ टीव्हींचं लॅनचं तोंड १०० एमबीपीएसचंच असतं, त्यामुळे वेगाच्या बाबतीत ५ गिगाहर्ट्झचं वायफाय कधी पुढे जातं. पण दगडी भिंतींच्या घरात वायफाय हॉलपर्यंत पोचताना दमतं. तिथे लॅन विश्वासाची.

डिशची केबल टीव्हीकडे नाही, खाली बॉक्सकडे न्यायची. कोल्हापुरातून डिशची तोंडं साधारण आग्नेयेकडे असतात, कंपनीप्रमाणे कमी-जास्त. म्हणून गच्चीचा तो कोपरा ठरवून केबल तिथून उतरवा. भिंतीतून आत शिरण्याआधी बाहेर केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन थेंब-थेंब गळतं, केबलीवरून घरात येत नाही. भिंतीतलं भोकही बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. हे न केल्यामुळे जुलैत एका घरी बॉक्समधून पाणी निघालं होतं. म्हणजे खरोखर निघालं, बॉक्स कलता केला तेव्हा.

झिरीचा दिवस

पावसाळ्यात हे काम काढू नका, गिलावा वाळता वाळत नाही. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ चांगला.

क्रम असा: मेन बंद. आधीच्या स्विचबोर्डांच्या सरळ वर आणि सरळ खाली वायरी असतात, त्या रेषा खडूनं आखून त्यांच्यापासून लांब राहा. ओळंब्यानं दोन उभ्या रेघा मारा, पाइपापेक्षा दहा मिलिमीटर जास्त रुंद. आधी कटर मशीननं दोन्ही रेघांवर काप घ्या, मग मधला भाग छिन्नीनं काढा. नुसत्या छिन्नी-हातोड्यानं सुरुवात केली की कडा फुटतात आणि पुढे पुट्टीचा खर्च वाढतो. धूळ घरभर होते. सोफा, देव आणि पंखा तिन्ही झाकून घ्या.

पाइप झिरीत हूकनं घट्ट बसवा, दोन्ही तोंडांत कागदाचा बोळा कोंबा, नाहीतर गिलाव्याचा माल आत जातो. झिरी सिमेंटच्या मालानं भरा. वरून कोंबडी जाळी लावा, झिरीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच येईल अशी. जाळी नसली की सहा महिन्यांत पाइपाच्या रेषेत केसासारखी चीर दिसते. वरचा गिलावा झाल्यावर सात दिवस पाणी मारा. कामाच्या गडबडीत सगळ्यात जास्त चुकवेगिरी याच कामात होते, म्हणून ती घागर मी घरच्या माणसाच्या हातात देते. भिंत पुरती वाळल्याशिवाय पुट्टी नाही आणि वीजही सोडायची नाही.

गिलाव्याआधी एक फोटो. झिरी उघडी असताना टेप भिंतीला लावून, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनचे आकडे दिसतील असा. सुतार, रंगारी आणि टीव्ही बसवणारा, तिघांनाही हाच फोटो लागतो. सुतारानं युनिटच्या मागच्या प्लायला पाइपाच्या तोंडासमोर ६० मिलिमीटरचं भोक ठेवायचं असतं. ते फोटोशिवाय सांगितलं तर तो "असू दे, बसवल्यावर पाडतो" म्हणतो आणि मग युनिट परत ओढावं लागतं. युनिटला बंद दारं असतील तर रिमोटचा किरण आत जात नाही. काच किंवा जाळीचं दार घ्या, बॉक्सलाही हवा मिळते.

भाड्याचं घर

भाडेकरूंना झिरी मारायला कोण देतो? तिथे केसिंग पट्टी, म्हणजे भिंतीवर लावायची, आत केबली झाकणारी पोकळ पट्टी. लक्ष्मीपुरी-शाहूपुरीत इलेक्ट्रिकच्या दुकानात वेगवेगळ्या रुंदीच्या मिळतात. दोन-तीन केबली मावतील अशी रुंद घ्या, टीव्हीच्या मध्यातून ओळंब्यात सरळ खाली आणा आणि भिंतीच्याच रंगाचा हात मारा. तिरकी लावलेली पट्टी डोळ्यात खुपते, सरळ लावलेली चार दिवसांनी दिसेनाशी होते.

टीव्ही बसवणारा येतो तेव्हा

घरी थांबा. त्या माणसाला दिवसात अनेक घरं करायची असतात, तो ब्रॅकेट धरतो आणि ड्रिल लावतो. भिंतीवर पाइपाच्या आणि वायरीच्या रेषा पेन्सिलनं आधीच आखून ठेवा आणि फोटो दाखवा. सिपोरेक्स ब्लॉकची भिंत असेल तर त्याला आधीच सांगा. साधी गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायची खुंटी) त्यात धरत नाही, ब्लॉकसाठीचे वेगळे अँकर लागतात आणि ते पाकिटात येत नाहीत.

केबली ओवायच्या आधी प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून नाव लिहा: बॉक्स, बार, नेट. डोकी एकामागे एक, थोडी पुढे-मागे ठेवून दोरीला बांधा. तिन्ही एकाच जागी बांधली तर गाठ पाइपापेक्षा मोठी होते. एक माणूस वरून सोडेल, दुसरा खालून ओढेल. टीव्ही टांगायच्या आधी जमिनीवर उभा धरून सगळं जोडून चालू करून बघा: चित्र, आवाज, नेट, आणि डीपी स्विच बंद केल्यावर टीव्हीचा दिवा जातो का. मगच टांगा.

पाइपाची दोन्ही तोंडं शेवटी स्पंजच्या तुकड्यानं हलकी बुजवा. पावसाळ्यात मुंग्या आणि पाली ओली भिंत सोडून कोरड्या, उबदार जागेत येतात, आणि चालू टीव्हीमागे तशी जागा असते. आमच्याकडे पहिल्या वर्षी स्पंज राहून गेला होता. टीव्ही लावला की भिंतीतून चुकचुक यायची, आणि सासूबाई दर वेळी "सत्य आहे" म्हणून बोटानं जमिनीवर टकटक करायच्या.